कुंपणापलीकडची कोथिंबीर

आमच्या परसात सहा फुटी लाकडी कुंपण आहे. त्यापलीकडे झाडांची एक पट्टी, मग दुकानांची रांग आणि रांगेच्या टोकाला देशी किराणा. पानगळ झाली की त्या दुकानाची पाटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचता येते. बाबा सांगलीहून अमेरिकेत, मेरीलंडला पहिल्यांदा आले ते मार्चमध्ये, झाडं उघडीबोडकी असताना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती पाटी वाचली, "कोथिंबीर संपलीय म्हणत होतीस ना, पाच मिनिटांत आणतो," म्हणाले आणि कापडी पिशवी घेऊन निघाले. पाऊण तासाने परत आले. पिशवी रिकामी आणि चेहरा असा, की कुणीतरी त्यांची थट्टा केली आहे.

झालं होतं ते असं. आमची गल्ली एका गोल वर्तुळाशी संपते. अशा गल्लीला इथे 'कल-द-सॅक' म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ पिशवीचा तळ. दुकानात जायचं तर आधी दुकानाकडे पाठ करून वसाहतीच्या एकुलत्या एका तोंडापर्यंत यायचं, मग मोठ्या रस्त्याला लागायचं, फुटपाथ मध्येच संपतो तिथून गवतातून चालायचं, सहापदरी रस्ता बटण दाबून ओलांडायचा आणि उरलेलं अंतर गाड्यांच्या पार्किंगमधून कापायचं. गाडीच्या मीटरवर हे दीड मैल भरतं, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. खिडकीतून सरळ रेघ ओढली तर तीनशे मीटरसुद्धा नाही. बाबा फुटपाथ संपतो तिथपर्यंत गेले, पुढे एकही माणूस पायी दिसेना म्हणून थोडा वेळ उभे राहिले आणि मागे फिरले. सांगलीत हा माणूस रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जातो, येताना दूध, पेपर आणि गावातल्या चार बातम्या घेऊन येतो.

'अमेरिकेत गाडीशिवाय पान हलत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा ते तिथलं हवामान असल्यासारखं म्हणतो. पण ही गल्ली कुणीतरी आखली, तिचा नकाशा कुणीतरी मंजूर केला, आणि झाडांच्या त्या पट्टीतून चार फुटी वाट ठेवायची नाही, हेही कुणीतरी ठरवलं.

मेरीलंडमध्ये असं ठरवण्याचा अधिकार मुख्यतः काउंटीकडे असतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण नेमलेल्या कलेक्टरने चालवलेला नव्हे. निवडून आलेलं कौन्सिल आणि निवडून आलेले प्रमुख चालवतात तो. मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टनच्या वायव्येला लागून आहे. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १० लाख ६२ हजार भरली. बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग ही नावं शहरांची वाटतात, पण त्यांना नगरपालिकाच नाही. तिथली शाळा, पोलीस, रस्ता, कुठे काय बांधायचं, सगळं काउंटी बघते. म्हणून वस्ती कशी वाढवावी याचा धडा घ्यायला ही जागा चांगली. दोष ढकलायला इथे फारसं कुणी नाही.

शिवाय या काउंटीचं नाव नगररचनेच्या वर्गात आदराने घेतलं जातं, आणि ते उगाच नाही. १९५० ते १९६० या दहा वर्षांत तिची लोकसंख्या १ लाख ६४ हजारांवरून ३ लाख ४१ हजारांवर गेली. वॉशिंग्टनला वळसा घालणारा बेल्टवे १९६४ मध्ये पुरा झाला. याच वर्षी काउंटीने जो सर्वसाधारण आराखडा केला, त्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: वाढ रेल्वे आणि महामार्गांच्या कडेने बोटांसारखी होऊ द्यायची आणि बोटांच्या बेचक्यांत शेती, जंगल, ओढे तसेच ठेवायचे. कोपनहेगनने १९४७ मध्ये आपल्या पंजाचं चित्र काढून हेच केलं होतं. माँटगोमेरीत बोटांना 'कॉरिडॉर' म्हणाले आणि बेचक्यांना 'वेज', म्हणजे पाचर.

चित्र सुंदर होतं. पण बेचक्यात बांधू नका असं नुसतं नकाशात लिहून बिल्डर थांबत नाही, हे सांगायला मेरीलंडला जायला नको. १९७० च्या दशकात काउंटीने उपाय केला: बेचक्यांमध्ये एका घराला कमीत कमी पाच एकर जमीन हवी. हेतू हा, की एवढी जमीन घेऊन घर बांधणं कुणाला परवडेल? परवडलं. वॉशिंग्टनच्या पगारावर ज्यांना घोडा बांधायचा होता त्यांना चांगलंच परवडलं. एकेक शेत पाच-पाच एकरांच्या तुकड्यांत विरघळू लागलं. पाच एकर म्हणजे लॉन म्हणून कापायला फार आणि शेत म्हणून कसायला कमी. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे आमची गुंठेवारीच की. फक्त गुंठ्याच्या जागी एकर." सांगलीकर माणूस, गुंठेवारीत त्याची हयात गेली. शेतजमिनीचे बेकायदा तुकडे, त्यांवर घरं, मग २००१ चा नियमितीकरणाचा कायदा, मग गटारीसाठी वर्षानुवर्षं अर्ज. सांगलीत गरिबाने केलं ते बेकायदा ठरलं, मेरीलंडमध्ये श्रीमंताने केलं त्याला झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं या सरकारी नियमाचा, शिक्का होता. जमिनीचं व्हायचं ते दोन्हीकडे सारखंच झालं.

१९८० मध्ये मात्र काउंटीने खरोखर धाडस केलं. नियोजन मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रॉइस हॅन्सन यांच्या काळात काउंटीची जवळजवळ एक तृतीयांश जमीन, ९३ हजार एकर, 'ॲग्रिकल्चरल रिझर्व्ह' म्हणून बाजूला काढली आणि तिथे २५ एकरांना एकच घर असा नियम केला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दिवसाढवळ्या लूट. काल पाच एकरांना एक घर बांधता येत होतं, आज पंचवीस एकरांना. या हानीची भरपाई म्हणून जी युक्ती केली तिचं नाव मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही इस्टेट एजंटला झोपेतसुद्धा येतं: टीडीआर. हस्तांतरणीय विकास हक्क. प्रत्येक पाच एकरांमागे एक हक्क. शंभर एकरांच्या मालकाकडे वीस हक्क आले, शेतावर घरं मात्र जास्तीत जास्त चार. बाकीचे हक्क त्याने बिल्डरला विकायचे आणि बिल्डरने ते काउंटीने ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी, रस्ता आणि ड्रेनेज असलेल्या ठिकाणी, जास्तीची घरं बांधायला वापरायचे. विकलेल्या हक्कांबरोबर शेतावर कायमचा बोजा चढतो. पुढच्या मालकालाही तिथे वसाहत उठवता येत नाही. पन्नास हजार एकरांहून जास्त जमीन या मार्गाने बांधकामापासून कायमची राखली गेली आहे. त्या भागात मुद्दाम ड्रेनेज लाइनही नेलेली नाही. घराला सेप्टिक टँक हवा, आणि त्याआधी जमिनीत पाणी नीट मुरतं का याची चाचणी. माझं मत विचाराल तर न नेलेल्या या साध्या पाइपने शेती वाचवण्याचं काम झोनिंगच्या निम्म्या कलमांपेक्षा जास्त केलं आहे.

मे-जूनमध्ये आम्ही स्ट्रॉबेरी खुडायला आणि ऑक्टोबरात भोपळे आणायला तिकडे जातो. घरापासून वीस मिनिटांत मक्याची शेतं लागतात, क्षितिजावर शुगरलोफचा डोंगर दिसतो. दहा लाखांच्या वस्तीच्या काउंटीत हे पंचेचाळीस वर्षं टिकलं आहे.

टीडीआरबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याला जवळची आहे. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला. शहरात आरक्षणाखाली गेलेल्या जमिनीचा हक्क उपनगरांत, मूळ जागेच्या उत्तरेला, नेऊन वापरायचा. हक्क कुठून उचलायचा यावर खूप विचार झाला. कुठे उतरवायचा, तिथल्या रस्त्यांना आणि पाण्याच्या लाइनला तो पेलेल का, यावर त्या मानाने फार कमी. माँटगोमेरीतही हाच प्रश्न आला. ज्या भागांत हक्क उतरणार होते तिथले रहिवासी कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये मेरीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली: आराखड्यात नुसती नोंद करून भागणार नाही, हक्क उतरवायच्या जागेचं झोनिंग कौन्सिलने रीतसर करावं लागेल. कौन्सिलने ते केलं. पुण्यात टेकड्यांवरच्या बीडीपीसाठी, म्हणजे जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या जमिनीसाठी, २०१५ मध्ये जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर देऊ केला, तेव्हा मी ही माँटगोमेरीची वीस हक्क आणि चार घरांची बेरीज डोळ्यांपुढे आणून पाहिली. टेकडी वाचवायची तर मालकाच्या हातात काहीतरी वजनदार पडावं लागतं, नाहीतर तो वाट बघत बसतो, आणि वाट बघणाऱ्या जमिनीवर एक दिवस झोपडी तरी उगवते किंवा बंगला तरी.

इथवर काउंटीचं कौतुक. आता तक्रार, आणि तीच या लेखाचं कारण.

एक तृतीयांश जमीन बंद केली तर तिथे जी माणसं राहिली असती ती उरलेल्या जागेत राहणार. पंजाच्या चित्रात हा शब्द दिलेला होता: बेचकं मोकळं ठेवतो, बोटं भरतो. काउंटीने पहिला अर्धा भाग पाळला. दुसऱ्या अर्ध्यात मेट्रोची स्टेशनं सोडली, तर निवासी म्हणून आखलेल्या बहुतेक जमिनीवर एका प्लॉटवर एकच सुटं घर, याशिवाय काही बांधायला मनाई होती. दुमजली घराचा खालचा मजला एका बिऱ्हाडाला आणि वरचा दुसऱ्याला, हेसुद्धा नाही. म्हणजे काउंटीने फाफटपसारा बाहेरून अडवला आणि आतून कायद्याने बंधनकारक केला. आमच्या वसाहतीच्या पिशव्या याच कायद्याच्या पोटातल्या.

न मावलेली माणसं काही हवेत विरली नाहीत. ती बंद केलेल्या शेतांवरून उडी मारून पलीकडच्या फ्रेडरिक काउंटीत उतरली. तिची लोकसंख्या १९९० मध्ये दीड लाख होती, २०२० मध्ये २ लाख ७१ हजार. सकाळी साडेसात वाजता ही माणसं आय-२७० वरून आमच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांना समांतर रांगत दक्षिणेकडे येतात. या रस्त्याला काही ठिकाणी बारा पदर आहेत, आणि बाराही भरलेले असतात. माँटगोमेरीचं शेत वाचलं, फ्रेडरिकचं गेलं, आणि धूर दोघांनी मिळून घेतला. शेत वाचवण्याचं हे यश खोटं नाही, पण त्याचं बिल शेजाऱ्याकडे पाठवलेलं आहे.

जिथे बोट खरंच भरलं तिथे काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. मेट्रोची रेड लाइन सिल्व्हर स्प्रिंगला १९७८ मध्ये आणि बेथेस्डा ओलांडून शेडी ग्रोव्हला १९८४ मध्ये पोचली. बेथेस्डाच्या स्टेशनाभोवती आज माणूस घराबाहेर पडून दवाखाना, ग्रंथालय, सलून, भाजी सगळं पायी उरकतो. रॉकव्हिल पाइक या लांबलचक दुकानी रस्त्यावर 'पाइक अँड रोझ' नावाची वस्ती २०१४ पासून उभी राहिली, ती एका सपाट शॉपिंग सेंटरच्या जागेवर. पूर्वी जिथे गाड्या उभ्या राहायच्या तिथे आता खाली दुकानं आणि वर घरं. पण त्याच रस्त्यावरचा व्हाइट फ्लिंट मॉल २०१५ मध्ये बंद होऊन पाडला गेला, नवा आराखडा २०१० पासून तयार होता, मेट्रोचं स्टेशन हाकेच्या अंतरावर, आणि ती भलीमोठी जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली. आराखडा परवानगी देतो. बांधायचं की नाही ते बँक, मालक आणि कोर्टातले दावे ठरवतात. नगररचनेच्या उत्साही लोकांनी हे विसरू नये, आणि मी स्वतःला त्यांत धरते.

'चालता येण्याजोगं' आणि 'जोडलेलं' हे दोन शब्द इथल्या प्रत्येक सरकारी कागदात जोडीने येतात, नवराबायकोच्या नावांसारखे. प्रत्यक्षात त्यांचं फारसं पटत नाही. गेथर्सबर्गमध्ये केंटलँड्स नावाची वस्ती आहे. आंद्रे दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या जोडप्याने १९८८ मध्ये एका जुन्या शेतवाडीच्या जागेवर ती आखली. अरुंद रस्ते, ओसरी रस्त्याला लागून, गॅरेज मागच्या बोळात, चौकात शाळा आणि चर्च. तिथे फिरताना मला मिरजेच्या जुन्या भागाची आठवण होते, तेवढ्यात आठवतं की इथे रेल्वे नाही. आत सगळं पायी, पण कामाला जायचं तर प्रत्येकाला गॅरेजमधून गाडी काढावी लागते. चालण्याचं एक देखणं बेट.

क्लार्क्सबर्गचं तर त्याहून वाईट झालं. हा कॉरिडॉरचा शेवटचा पेर. १९९४ च्या आराखड्यात त्याला गावाचा चौक, दुकानं, जवळजवळ घरं आणि शेडी ग्रोव्हच्या मेट्रोपर्यंत जाणारा स्वतंत्र जलद मार्ग असं सगळं दिलं होतं. सन २००० मध्ये तिथे जेमतेम १,८०० माणसं होती, २०२० मध्ये २९ हजार. माणसं आली, त्यांत आपली भारतीय कुटुंबंही बरीच. तो जलद मार्ग आलाच नाही. राज्याने हात आखडता घेतला. चौकातली दुकानं कित्येक वर्षं नकाशातच राहिली. दरम्यान २००५ मध्ये रहिवाशांनी स्वतः टेप घेऊन मोजलं, तेव्हा शेकडो घरं मंजूर उंचीपेक्षा उंच किंवा रस्त्याला नको इतकी जवळ निघाली. मंजूर नकाशा आणि उभी इमारत यांत फरक असणं ही आपलीच खासियत आहे असं मला वाटायचं. मनाला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

जोडण्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण रेड लाइनच. ती इंग्रजी 'यू'सारखी आहे: एक हात बेथेस्डाकडून वर, दुसरा सिल्व्हर स्प्रिंगकडून. या दोन ठिकाणांत सरळ अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, पण मेट्रोने जायचं तर वॉशिंग्टनच्या पोटात उतरून परत वर यायचं. आमच्या कोथिंबिरीचीच कथा, फक्त काउंटीच्या मापाची. या दोन हातांना जोडणाऱ्या पर्पल लाइनचं, १६ मैल आणि २१ स्टेशनं, बोलणं कित्येक वर्षं चाललं. मधल्या श्रीमंत वस्तीतून आणि एका गोल्फ क्लबाकडून कडवा विरोध झाला. काम २०१७ मध्ये सुरू झालं, २०२० मध्ये कंत्राटदार सोडून गेला, आणि आता गाडी २०२७ च्या अखेरीस धावेल असं सांगतात. झाडांतली चार फुटी वाट असो की सोळा मैलांचा रूळ, जोडणी नेहमी सर्वांत शेवटी येते. घरं विकून पैसा मिळतो. जोडणी विकता येत नाही, आणि ज्याच्या परसामागून ती जाते त्याला ती नको असते.

२०२२ च्या ऑक्टोबरात कौन्सिलने 'थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०' हा नवा आराखडा एकमताने मंजूर केला. (त्याच महिन्यात नियोजन मंडळाच्या पाचही सदस्यांना राजीनामे द्यावे लागले, आणि त्या भानगडीची सुरुवात अध्यक्षांच्या कार्यालयातल्या दारूच्या कपाटापासून झाली होती. २०५० साली वाचणाऱ्यांना हा तपशील आराखड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.) रोजच्या गरजा पंधरा मिनिटांच्या अंतरात, मोठ्या रस्त्यांच्या कडेने जास्त घरं, आणि सुट्या घरांच्या भागात दोन-तीन-चार बिऱ्हाडांच्या लहान इमारतींना हळूहळू वाट. म्हणजे १९६४ च्या शब्दाचा राहिलेला अर्धा भाग. काउंटीचे प्रमुख मार्क एलरिक यांचा त्याला विरोध होता. २०२४ मध्ये त्यातली घरांची कलमं चर्चेला आली आणि गल्लोगल्ली अंगणांत विरोधाच्या पाट्या लागल्या. २०२५ च्या जुलैमध्ये त्यातला छोटासा तुकडा मंजूर झाला: काही मोठ्या रस्त्यांलगतच दोन बिऱ्हाडांची डुप्लेक्स घरं आणि लहान अपार्टमेंटं.

विरोध करणारे सगळे धनदांडगे आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी खऱ्या आहेत. नवी अपार्टमेंटं स्वस्त नसतात. मोठी झाडं तुटतात. आणि पावसाचं पाणी तळघरांत शिरतं, कारण जिथे गवत होतं तिथे काँक्रीट येतं. पण यावर काउंटीने पूर्वी काही शोधलेलं आहे. १९७४ पासून इथे कायदा आहे, की मोठ्या प्रकल्पात ठरावीक हिस्सा घरं मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशा दरात द्यायची, साधारण आठातलं एक घर. तो लहान इमारतींपर्यंत कसा ताणायचा, यावर भांडावं. झाडांवर भांडावं. 'शाळा भरून वाहतील' या मुद्द्यावर मात्र अनुभव वेगळं सांगतो. इथे बरीच वर्षं असा नियम होता, की ज्या भागातली शाळा भरली तिथे नवी घरं बंद. सिल्व्हर स्प्रिंगसारख्या मेट्रोच्या दारातल्या भागातही त्यामुळे इमारती अडल्या. मुलं मात्र येतच राहिली, कारण ती मुख्यतः जुन्या घरांतून येत होती: म्हातारं जोडपं घर विकून जातं, दोन मुलांचं कुटुंब येतं. शेवटी २०२० मध्ये कौन्सिलने ही बंदी उठवली.

चौथा आक्षेप कुणी सभेत उघड घेत नाही, जेवणाच्या टेबलावर घेतं. गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाला एक काका म्हणाले, "इतकी वर्षं राबून हे घर घेतलं, ते काय शेजारी चार बिऱ्हाडं बघायला?" काकांचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, जिथे चौदा बिऱ्हाडांत दोन नळ होते. मी त्यांना दोष देत नाही. दोन नळांतून सुटायलाच ते इथे आले. पण तो वाडा तुळशीबागेपासून सहा मिनिटांवर होता, आणि त्या सहा मिनिटांची आठवण ते प्रत्येक फराळाला काढतात.

दाटी झाली की आपोआप चालता येतं, हाही भ्रम आहे. तो फेडायला माझ्या भावाचं पुण्याजवळच्या वाकडचं घर पुरेसं आहे. बावीस मजली पाच टॉवर, भोवती भिंत, एक गेट, गेटवर नोंदवही. शेजारच्या सोसायटीतला दवाखाना त्याच्या बाल्कनीतून दिसतो आणि रिक्षाने जावं लागतं, कारण दोन्ही सोसायट्यांच्या भिंतीत दार नाही. मेरीलंडमध्ये एकरी दोन घरं आणि बंद गल्ली, वाकडला एकरी शंभर घरं आणि बंद गेट. बाबा दोन्हीकडे सारखेच अडकतात. घनता आणि जोडणी या दोन वेगळ्या मंजुऱ्या आहेत, आणि आपण एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल यावर, भांडताना दुसरी मागायलाच विसरतो. जुन्या गावांत बोळ असायचे. ते कुणी आखले नव्हते, आणि म्हणूनच बहुधा कुणाला बंद करता आले नाहीत.

म्हणून नवीन वसाहतीचा नकाशा मंजूर करताना माझी मागणी घरांच्या संख्येआधी एका आकड्याची आहे: दारापासून जवळच्या दुकानापर्यंत, शाळेपर्यंत आणि बसथांब्यापर्यंत पायी अंतर किती, आणि सरळ रेषेच्या ते किती पट. आमच्या घरासाठी हा आकडा आठच्या वर जातो. दोनच्या वर गेला तर नकाशा परत पाठवा. नवीन वसाहतीत यासाठी बिल्डरला एक-दोन प्लॉटच्या कडेच्या पट्ट्या सोडाव्या लागतील, एवढाच खर्च. जुन्या वसाहतींत काउंटीला वाटेचा हक्क विकत घ्यावा लागेल, आणि तो पर्पल लाइनच्या एका खांबापेक्षा स्वस्त पडेल अशी माझी खात्री आहे. इथे अडचण मालकीची आहे. आमच्या मागची झाडांची पट्टी ना काउंटीची, ना दुकानांची. ती रहिवासी संघाची, आणि संघाला भीती चोरांची आणि कुणी घसरून पडलं तर विम्याच्या दाव्याची.

बाबांच्या तिसऱ्या खेपेला कुंपणाच्या टोकाला, आमच्या घरापासून चार घरं सोडून, दोन फळ्या निखळलेल्या आढळल्या. बहुधा शाळकरी पोरांचं काम. पलीकडे पिझ्झाचं दुकान आहे. फटीपासून झाडांतून दुकानांपर्यंत पालापाचोळा तुडवला जाऊन एक बारीक पट्टी उघडी पडली होती. बाबांनी ती बघितली आणि म्हणाले, "पायवाट झाली की गं." त्या संध्याकाळी ते आठ मिनिटांत कोथिंबीर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी काही लागत नव्हतं तरी गेले. आठवड्याभरात दुकानदाराचं गाव, त्याच्या मुलीची शाळा आणि गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं आमच्या घरात ठाऊक झालं.

ऑगस्टमध्ये रहिवासी संघाचं पत्र आलं: कुंपणाची मोडतोड झाली असून दुरुस्तीचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून केला जाईल. मी सभेला गेले आणि फळ्यांच्या जागी छोटं फाटक बसवावं असा ठराव मांडला. अकरा जण होते. चार हात वर झाले. एका बाईंनी विचारलं, फाटक झालं तर तिकडचे लोक इकडे येणार नाहीत का? मी म्हटलं, येतील, आपणही तिकडे जाऊ. विम्याच्या कंपनीला विचारून ठरवू, असं म्हणून विषय पुढच्या सभेवर गेला, आणि त्याच्या पुढच्याही. फळ्या अजून बसवलेल्या नाहीत. बाबांचं मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. काल फोनवर त्यांनी हवामान विचारलं नाही, फट आहे का ते विचारलं.